साहेब आत आहेत

…हौ का, म्हणजे तुम्ही मराठीच निघालात! मग मघापासून मी कशाला दख्खनीत घसा फोडतोय — 'भाई, जरा सरको, भाई, जरा जगा देओ' — आणि तुम्ही आपले गुमान सरकताय. तुमचा फोन वाजला आणि पान गालात सारून तुम्ही म्हणालात ना, 'निघतोच आहे, चहा टाकून ठेव', तेव्हा कळलं. कुठले? देगलूरचे. वा. नाही नाही, पुढं बोलू नका, रस शर्टावर यायचा, धुतलेला दिसतोय. नुसती मान हलवलीत तरी चालेल, सबंध नोकरीत मी लोकांच्या मानाच वाचल्यात. नाव तेवढं सांगा. नामदेवराव. छान. मी प्रतापराव. आडनाव राहू द्या, आत्ता इथं पहिलं नाव पटवून देतानाच माझ्या नाकी नऊ आलेत. बसा आरामात. या बाकावर जो बसला त्याचा वेळ जातोच, तशी व्यवस्थाच आहे, आणि ती व्यवस्था — हसू नका — मीच केलेली आहे.

खरंच. हे दोन गेट दिसतात ना, एक रस्त्याकडचं, एक कॉलनीकडचं, आणि मधे आपण — ही माझी कल्पना. आधी एकच गेट होतं, कुणीही यायचं. मधाच्या बाटल्या विकणारे, पाण्याचं मशीन खपवणारे, कुणाच्या तरी मेव्हण्याचे मित्र. मी सुरक्षा कमिटीचा अध्यक्ष झालो नि म्हटलं, असलं नक्को. माणूस एका गेटातून आत यावा आणि तिथंच अडकावा. मग त्याची फुरसतीनं चौकशी व्हावी. येणाऱ्याचीही आणि जाणाऱ्याचीही. बाक मात्र दोघांत मिळून एकच. बिल्डर म्हणत होता, पाठीला टेकू देऊ. मी म्हटलं, कशाला, लोक घरी जायचे नाहीत मग. आता माझी कंबर अशी भरून आलीय म्हणून सांगू.

तुमचं काय अडलंय? सामान तपासतायत. हां, तोही माझाच नियम — आत जे जे आणलं ते ते बाहेर जाताना दाखवायचं, त्यावाचून सुटका नाही. काय, फ्रिजवाले का तुम्ही? नळाचं काम? बरं बरं, राहू द्या, पान आहे तोंडात. कामाचा माणूस दिसताय, हातावरून कळतं.

आता तुमच्या मनात आलंच असेल की अध्यक्ष असून हा इथं कसा. आलं ना? त्याचं असं आहे, हा गार्ड नवीन आहे. ओडिशाकडचा, भला माणूस, कामाला चोख. जुने असते तर खाडकन सलाम ठोकून सोडलं असतं मला. पण जुन्यांना मीच बदलायला लावलं. कारण काय, तर ते चेहरा बघून सोडायचे. 'पैचानते साब' म्हणायचे. मी मीटिंगमधे उभा राहून भाषण ठोकलं — ओळख म्हणजे सुरक्षेला पडलेलं भगदाड! टाळ्या पडल्या हो. बायकांनीसुद्धा वाजवल्या. मग हा आला. त्याला मी म्हटलं, बाबा, मी प्रतापराव, सत्तावीस नंबर, गेट खोल. त्यानं फोनमधे बघितलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, 'प्रतापराव सर तो अंदर है.' मी म्हटलं, अरे मी तुझ्यासमोर उभा आहे. तो म्हणाला, 'फोन में अंदर है.' गेटाचं अ‍ॅप असतं ना त्याच्याकडं. त्या अ‍ॅपमधे माणूस गेटातून बाहेर गेला की नोंद होते, परत आला की नोंद होते. मी गेलोच नाही. म्हणजे मी आत आहे. मग बाकावर जो आहे तो कोण? लफंगा. हिशेब सरळ आहे, मला तर त्याचा अभिमानच वाटला क्षणभर. मग म्हटलं, बघ, मी कमिटीचा आहे. तर त्यानं भिंतीवरचा कागद दाखवला. तो बघा, तिसरी ओळ — 'जो स्वतःला कमिटीचा म्हणवेल त्याला दुप्पट तपासावे.' मीच लिहिलीय. एकानं कमिटीचं नाव सांगून आख्खं वऱ्हाड आत घुसवलं होतं, तेव्हा रागारागानं लिहिली. आणि त्या कागदावर माझा फोटो आहे तो बघू नका. सुटातला आहे, मिशा काळ्या आहेत. गार्डनं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाला, 'आपके बडे भाई?' नाही, छोटा भाई म्हणाला असता तर एक वेळ मी समजलो असतो.

फोन? फोन घरी आहे. उशाशी. तो कसा आणणार, मौनात फोन चालत नाही.

हां. आता हे सुटलंच तोंडातून. बरं, तुम्ही कुठं इथले, परत भेट व्हायची नाही, सांगतो. जरा इकडं सरका. दर गुरुवारी माझं मौन असतं. सकाळी अंघोळ, पूजा, मग मी मागच्या खोलीत जातो, आतून कडी घालतो, आणि दिवे लागेपर्यंत कुणाशी चकार शब्द नाही. दारावर थाप पडली तरी ओ देत नाही, द्यायचीच नसते. सगळ्या कॉलनीत माझं नाव झालंय. समोरच्या तेलुगू बाई माझ्या बायकोला म्हणतात, 'मी वारू ऋषी अंडी' — तुमचे यजमान म्हणजे ऋषी हो. आणि त्या खोलीला मागच्या व्हरांड्यात उघडणारं एक दार आहे. व्हरांड्यापुढं बाग, बागेपुढं मधुमालतीचा वेल, वेलामागं कंपाउंडची भिंत, आणि भिंतीत — आता तुम्ही हसणार — भिंतीत एक भोक. भोक म्हणजे चांगला वाकून माणूस जाईल एवढं. बिल्डरनं पाणी जायला ठेवलं आणि विसरला. तारांचं कुंपण, क्यामेरे, दोन-दोन गेटं, सगळ्याचा नकाशा मी काढला, त्यात तेवढा वेल काढला आणि भोक नाही काढलं. पलीकडं बस्तीची गल्ली, गल्लीच्या तोंडाशी शेअर ऑटो, आणि तिथनं थेट नामपल्ली.

नामपल्लीत काय म्हणजे? अहो, देगलूरचे तुम्ही, हैदराबादेत इतकी वर्षं, आणि मला विचारता? इराण्याचं हॉटेल आहे स्टेशनच्या अंगाला. माझा मित्र माधव तिथं येऊन बसतो. आम्ही दोघं हिमायतनगरला एका गल्लीत वाढलो, शाळेला दांडी मारून त्याच टेबलावर बसायचो, आजही तेच टेबल. संगमरवराला चीर गेलीय, तीसुद्धा तीच. एक पौना मागवायचा — घट्ट, नुसत्या दुधाचा — त्यात उस्मानिया बिस्किट बुडवायचं, मोजून एक पळ, जास्त ठेवलं की तळाला जातं. आणि मग वाटीत खुबानी का मीठा, शिजवलेल्या जर्दाळूचा. वरती साय. नामदेवराव, त्या खुबानीतली बी फोडून आतला गर वरून घालतात, तो दाताखाली आला ना, की माणसाला वाटतं आपण अजून नोकरीला लागलोच नाही. आज माधवनं दोन वाट्या मागवल्या. नको नको म्हणत दोन्ही खाल्ल्या. त्याची नाही खाल्ली, माझ्या दोन.

हां, आहे ना. साखर आहेच मला. तुम्ही पायाकडं बघितलंत ते दिसलं मला. डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट — नाही आता ते. गेल्या वर्षी गेलं. साधा चपलेचा चावा, म्हटलं होईल बरा, तो होता होता काळा पडला. हॉस्पिटलात मला काही वाटलं नाही हो, भूल दिलेली. पण घरी आल्यावर ती रोज सकाळी खाली बसायची, माझा पाय मांडीवर घ्यायची आणि पट्टी बदलायची. इंदुमती, माझी बायको. एकदा माझ्या पावलावर काहीतरी गरम पडलं. मला वाटलं औषध. ती रडत होती, आवाज न करता, पट्टी बांधता बांधता. तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की गोडाला शिवणार नाही. आणि मनापासून घेतली बरं का, खोटी नाही. पाळलीसुद्धा. बुधवारपर्यंत पाळतो.

मला तिची भीती वाटते असं समजू नका. ती ओरडत नाही, आदळआपट करत नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, मी उलटं ओरडलो असतो. पण ती नुसती बघेल आणि आत जाईल, आणि मग मला काही विचारणारच नाही पुढं कधी. कुठं निघालात, काय खाल्लंत, गोळी घेतली का — बंद. ते मला सोसायचं नाही. उगाच कशाला खोटं बोलू, त्या एका गोष्टीनं माझा जीव अर्धा झालाय मघापासून. दिवे लागले की ती दार वाजवते, बिनसाखरेचा चहा घेऊन उभी असते. तोवर मी आत पाहिजे. कडी काढून, डोळे जरा मिटल्यासारखे करून, शांत चेहऱ्यानं. बघा की, ऊन तर त्या टाकीवरनं उतरलंसुद्धा.

मग भोकातनं का नाही गेलो? नामदेवराव, तीच तर फजिती! दर गुरुवारसारखा आलो गल्लीतनं, वेल बाजूला केला, वाकलो, सवयीनं डोकं आत घातलं — आणि धाडकन! भिंत! हे टेंगूळ बघा. सकाळी मी गेलो तेव्हा होतं हो भोक, आणि आता तिथं विटा, वर ओलं सिमेंट, हा कुरता बघा कसा बरबटलाय. सकाळची संध्याकाळ होईतो कोण येऊन बुजवतं? कुठल्या गाढवाला एवढी घाई होती? ह्या शहरात गवंडी बोलवा, तो आज सांगून पुढच्या पावसाळ्यात येतो, आणि हा नेमका गुरुवारी आला नि संध्याकाळच्या आत काम उरकून मोकळा! मेस्त्री म्हणायचा की राक्षस? आणि काम तरी कच्चं ठेवावं ना मेल्यानं. मी हातानं ढकलून बघितलं, पायानं बघितलं, एक वीट हलेल तर शपथ. सांधे असे सरळ भरलेत की मला राग येऊनसुद्धा बोट फिरवून बघावंसं वाटलं. तुम्हाला कशाचं हसू येतंय एवढं? ठसका लागेल, जपून.

बरं, हुकूम कुणाचा? माझाच. सांगतो. मागच्या मीटिंगला सगळ्यांसमोर इंदुमतीच उभी राहिली. म्हणाली, मागच्या बाजूला वेलाखाली मोठं भोक आहे, मांजर पिल्लं घेऊन आत येते, उद्या चोर येईल, कमिटीचं लक्ष आहे का? माझा तर येण्याजाण्याचा रस्ता तो. पण अध्यक्ष म्हटल्यावर काय करणार — मी टेबलावर मूठ आपटली, म्हटलं, ताबडतोब बंद करा! सही ठोकली. मला काय माहीत खरंच करतील म्हणून? आमच्या कमिटीत ताबडतोब म्हणजे दोन दिवाळ्या जातात. पोहण्याच्या तलावाची फरशी ताबडतोब बदलायची ठरलीय, अजून त्यात शेवाळ आहे. त्या भरवशावर मी सही केली.

इंटरकॉम केला की गार्डनं, केला कसा नाही. माझ्यासमोर केला. मी इथनं ओरडत होतो, सांग तिला, सांग तिला — आणि मग म्हटलं, सांग म्हणजे काय सांग? तिनं काय उत्तर दिलं ऐका. म्हणाली, साहेब घरातच आहेत, मौनात आहेत, त्यांना त्रास द्यायचा नाही. आणि बाहेर जे कोण बसलेत त्यांना पंख्याखाली बसवा, उन्हातनं आले असतील. पाणी द्या, म्हणाली, पण सरबत नको. बघा, कशी बायको आहे! परक्या लफंग्याचीसुद्धा काळजी. अशा बाईला मी फसवतोय म्हणजे मला — जाऊ द्या.

अँ? सरबत नको असं का म्हणाली असेल? खरंच की. मी नव्हता विचार केला. गेटावर कुणी बसलं की ती नेहमी सरबतच द्यायला सांगते… नाही, तसं काही नसेल. लिंबं संपली असतील.

चला, तुमचं सामान आलं बघा. तपासून झालं वाटतं. ठेव रे इधर. पिशवी जड दिसतेय, काय काय भरलंय — ओळंबा. दोरी. रंधा. थापी.

थापी.

थापीला सिमेंट ओलंच आहे अजून.

नामदेवराव, तुम्ही फ्रिजवाले नाही आहात. तुम्ही मघापासून — आणि मी आपला तुम्हाला राक्षस काय, गाढव काय! अहो, मग थांबवायचं नाही का मला? पान होतं म्हणे. एवढी खुबानी, एवढा पाय, सगळं तुमच्या पुढ्यात ओतलं मी, आणि तुम्ही आपले माना हलवताय. नाही, माफी तुम्ही कसली मागता, मी मागायला पाहिजे. काम फार सुरेख केलंत, ते मघाशीच बोललोय मी. पण एक सांगा, तुम्हाला बोलावलं कुणी? कमिटीच्या ऑफिसातनं? नाही? मग कुणी? सत्तावीसच्या बाईंनी?

तिनं सांगितलं, गुरुवारीच या. सकाळी साहेब मौनात बसले की मी फोन करीन, मगच यायचं. आणि दिवे लागायच्या आत भोक बुजलं पाहिजे. असं म्हणाली? असंच? चेहरा कसा होता तिचा? रागावलेली होती? नाही? हसत होती?

ही पुडी कसली आता? मला? नाही, तुम्हाला चुकून दिली असेल. तिनं सांगितलं होतं, बाकावर एक जण बसलेले असतील, कुरत्याला सिमेंट लागलेलं असेल, त्यांना द्या — असं? मग मघाशीच का नाही दिलीत? ऐकत बसलात. गंमत वाटली. तुमचंही खरं आहे, मीही ऐकत बसलो असतो. बघू पुडी… गोळी आहे. संध्याकाळची माझी गोळी. आणि कागदात नवी पट्टी, पायाला लावायची. मी सकाळी लावायला विसरलो होतो, घाईत. तिनं बघितलं होतं म्हणजे. म्हणजे दर गुरुवारी ती — सगळं — आणि बिनसाखरेचा चहा घेऊन दाराशी उभी राहायची, आणि मी डोळे मिटून…

थांबा, मला जरा पाणी द्या. नाही, काही होत नाहीये. गोळी घ्यायचीय फक्त. आणि डोळ्यात ते सिमेंट गेलंय थोडं.

क्या बोला रे? अप्रूव्हल आया? सत्तावीस से? हौ, हौ, माझंच. अखेर आलं. किस नाम से आया, मेहमान? मेहमान नाही? डिलिव्हरी पण नाही? दाखव इकडं तो फोन. चष्मा कुठाय माझा… 'घरकामाला माणूस. रोज. वेळ — सकाळ ते संध्याकाळ. गुरुवारी सुट्टी नाही.'

जा तुम्ही, नामदेवराव, चहा निवत असेल तुमचा. ऑटो कोपऱ्यावरच मिळेल. आणि ह्यातलं कुणाला एक अक्षर बोलू नका. मीही आता तोंड उघडणार नाही. ह्यावेळी खरंच.